रानात वारा कमी, म्हणून उजेडही कमी असावा का?

चंद्रपूरहून बस धरून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीला आणि तिथून पुढे भामरागडला जाणारा माणूस एकाच दिवसात दोन जगे पाहतो. निघताना मागे ऊर्जानगरच्या उंच चिमण्या दिसतात. तिथल्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. महानिर्मितीचे राज्यातले हे सर्वांत मोठे केंद्र. कोळसा इथल्याच खाणींचा, पाणी इथल्याच इरई धरणाचे आणि राखही इथल्याच घरांच्या कौलांवर बसणारी. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. वीज मात्र उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून दूरच्या शहरांकडे निघून जाते.

आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. आलापल्लीच्या पुढे सागाचे रान दाट होत जाते. मग्रिबची वेळ टळते, बसमधले बोलणे कमी होते आणि रस्त्याच्या कडेची एखादी वस्ती चुलीच्या जाळावरूनच ओळखू येते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी तार तुटली तर ती जोडायला माणूस पोहोचणार कसा?

ज्या मुलखातला कोळसा राज्याला उजेड देतो, त्याच मुलखातले पोर कंदिलाशेजारी पाटी घेऊन बसते. यावर उपाय म्हणून गेली अनेक वर्षे एक सुंदर कल्पना मांडली जाते. गावोगावी छोटी पवनचक्की उभारा, वारा फुकट आहे, गरिबाच्या घरी वीज येईल आणि विजेमागून रोजगार येईल. ही कल्पना कुठे खरी ठरली, आपल्या रानात ती का अडते आणि तरीही तिच्यापासून आपण काय शिकायचे, ते या लेखात पाहू.

खांब आला म्हणजे वीज आली का?

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधल्या लेइसांग गावात वीज पोहोचली आणि देशातले शेवटचे गाव उजळल्याचे जाहीर झाले. सरकारी व्याख्येप्रमाणे गावातल्या शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी आणि किमान दहा टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकृत ठरते. त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, सौभाग्य योजना जाहीर झाली होती. उरलेल्या घरांना जोडणी देण्याचे काम तिने केले. ते काम मोठे होते आणि झालेही. पण घरात मीटर बसणे वेगळे आणि रात्री आठ वाजता दिवा लागणे वेगळे.

जंगलातली वीजवाहिनी मैलोन्‌मैल झाडांमधून जाते. वादळात एक फांदी पडली तरी पलीकडच्या दहा वस्त्या अंधारात जातात. रोहित्र जळाले तर नवे यायला रस्ता हवा, वाहन हवे, कोरडा दिवस हवा. टोकाच्या गावापर्यंत येता येता विजेचा दाबही घटतो. बल्ब मिणमिणतो आणि मोटार गरम होऊन बंद पडते.

याची किंमत कोण मोजते? ज्याच्याकडे पैसा आहे तो इन्व्हर्टर घेतो. ज्याच्याकडे नाही त्याच्या घरची बाई धान कांडायला आणि दळण आणायला चार-पाच किलोमीटर पायपीट करते. तिच्या मुलाचा अभ्यास सूर्य मावळताच संपतो. रात्री साप चावला तर अंधारात तो कोणता होता हेही कळत नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे विजेशिवाय, कंदिलाच्या उजेडात रुग्ण तपासले. डॉक्टर थोर होते म्हणून ते निभावले. पण प्रत्येक वस्तीला असे डॉक्टर लाभत नाहीत. दिवा मात्र प्रत्येक वस्तीला लाभू शकतो.

सीस्तानचा वारा आणि हमाचे पाणी

वाऱ्याला कामाला लावण्याची कला फार जुनी आहे आणि तिची सुरुवातीची ठळक नोंद मुस्लिम जगातच सापडते. दहाव्या शतकातला प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी याने सीस्तानचे वर्णन केले आहे. आजच्या इराण आणि अफगाणिस्तानच्या सीमेवरचा हा प्रदेश. वारा आणि वाळूचा हा मुलूख असून इथे वाऱ्यावर जाती फिरतात आणि विहिरीतले पाणी वर येते, असे तो सांगतो. इराणच्या खोरासान भागात नश्तीफान गावी माती, पेंढा आणि लाकडाच्या अशा चक्क्या आजही उभ्या आहेत. त्यांची पाती आडवी नसून उभ्या खांबाभोवती फिरतात आणि खाली जाते दळत राहते.

त्या चक्क्या तिथेच का झाल्या? कारण त्या भागात उन्हाळ्यात सुमारे चार महिने एकाच दिशेने जोरदार वारा वाहतो. लोक त्याला एकशे वीस दिवसांचा वारा म्हणतात. त्याच काळात बगदादजवळ तैग्रिस नदीत तरंगत्या नावांवर पाणचक्क्या फिरत होत्या आणि सीरियातल्या हमा शहरात ओरोंतेस नदीचे पाणी प्रचंड लाकडी रहाटांनी उचलले जात होते. कारागीर एकाच संस्कृतीचे होते, पण नदीकाठी त्यांनी पवनचक्कीचा हट्ट धरला नाही आणि वाळवंटात रहाटाचा धरला नाही. आधी मुलूख पाहिला, मग यंत्र ठरवले.

आपल्याकडेही हे शहाणपण होते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात पाऊस भरपूर आणि जमीन उताराची. म्हणून इथे शेकडो तलाव बांधले गेले. आज आपण त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतो. त्यांच्यावर धान पिकले. कोकणातली पद्धत कोणी इथे आणली नाही आणि इथली कोणी मराठवाड्यात नेली नाही.

मलावीतला चौदा वर्षांचा मुलगा

आफ्रिकेतल्या मलावी देशात २००१-०२ साली भीषण दुष्काळ पडला. कासुंगू भागातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा विल्यम कामक्वाम्बा तेव्हा चौदा वर्षांचा होता. फी भरता न आल्याने त्याची शाळा सुटली. तो गावच्या छोट्या वाचनालयात जाऊ लागला. तिथल्या एका पुस्तकात पवनचक्कीचे चित्र होते. इंग्रजी जेमतेम येत असतानाही त्याने आकृत्या पाहून यंत्र समजून घेतले. भंगारातून ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा सांगाडा आणि सायकलचा डायनॅमो जमवला. प्लास्टिकचे पाइप तापवून सपाट केले आणि त्यांची पाती केली. निलगिरीच्या खांबांचा मनोरा उभारला. गाव हसत होते. चक्की फिरली, बल्ब लागला आणि हसणे थांबले. पुढे त्याने पाणी उपसणारी चक्कीही बांधली. २०१९ साली त्याच्या या कहाणीवर चित्रपट निघाला.

स्कॉटलंडच्या स्कोरेग या दुर्गम किनाऱ्यावर राहणाऱ्या ह्यू पिगॉट यांनी हेच काम पद्धतशीर केले. लाकूड तासून पाती, गाडीच्या जुन्या चाकाचा हब, त्यावर चुंबके आणि हाताने गुंडाळलेली तांब्याची वेटोळी, अशी चक्की गावच्या कार्यशाळेत कशी बांधायची ते त्यांनी लिहून ठेवले. त्यावरून जगभर शिबिरे भरतात. पेरू देशातल्या काहामार्का भागात डोंगरी वस्त्यांतल्या घरांसाठी शंभर वॅटच्या छोट्या चक्क्या बसवल्या गेल्या.

या सगळ्या कहाण्यांत वारा होताच. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. यंत्र बिघडले तर ते उघडून पाहणारा माणूस त्याच गावात होता.

छतावरची गंजलेली चक्की

माझे मामू बल्लारपूरला मोटार वायंडिंगचे दुकान चालवत. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, वेटोळी मोजून नवी गुंडाळायची, वार्निश द्यायचे. हे काम बघत आमची सुट्टी जायची. एकदा जंगल भागातल्या एका वसतिगृहाचे अधीक्षक त्यांच्याकडे आले. वसतिगृहाच्या छतावर छोटी पवनचक्की आणि दोन सौर पाट्या बसवल्या होत्या. उद्घाटनाचे फोटो निघाले होते. आता सगळे बंद होते. मामूंबरोबर मीही गेलो.

चक्की सहा मीटरच्या खांबावर होती. तिन्ही बाजूंना तिच्याहून उंच मोहाची आणि ऐनाची झाडे होती. पाने हलत होती, पण चक्की हलत नव्हती. मामूंनी वर चढून पाते हाताने फिरवले. बेअरिंग जाम झाले होते. खाली बॅटऱ्यांतले पाणी आटून प्लेटा पांढऱ्या पडल्या होत्या. सौर पाट्यांवर धूळ आणि पक्ष्यांची घाण साचली होती. मामूंनी एका पाटीचा कोपरा ओल्या फडक्याने पुसला आणि मीटर लावला. पाटी जिवंत होती.

अधीक्षक म्हणाले, "बसवून गेले, सर. परत कोणी आलंच नाही. आम्हाला बॅटरीत पाणी घालायचं असतं हेसुद्धा कोणी सांगितलं नाही."

परतताना मामू एवढेच म्हणाले, "बेटा, चक्की खराब नव्हती. जागा चुकली होती. पण पाटीला तर जागाही बरोबर होती. तिला फक्त फडकं मारायला माणूस नव्हता."

मामूंच्या त्या दोन वाक्यांत दोन वेगळे दोष आहेत. ते वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत.

वाऱ्याचा हिशेब

पहिला दोष जागेचा. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते आणि वेग निम्मा झाला तर शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. दोन मीटर व्यासाची छोटी चक्की घ्या. वारा ताशी सुमारे २२ किलोमीटरने वाहत असेल तर पात्यांसमोरून जाणाऱ्या हवेत साधारण ४०० वॅट शक्ती असते. त्यातली पाव हिस्सा जरी हाती आली तरी शंभर वॅट मिळतात. वारा ताशी ११ किलोमीटरवर उतरला की हवेतच पन्नास वॅट उरतात आणि हाती बारा-तेरा येतात, म्हणजे दोन एलईडी बल्ब. त्याहून मंद वाऱ्यात बहुतेक छोट्या चक्क्या वीज देतच नाहीत.

त्यात रान वाऱ्याला अडवते. झाडांच्या शेंड्यांजवळ वारा मंद तर होतोच, शिवाय घुसळला जातो. अशा वाऱ्यात पाती सतत दिशा बदलतात आणि यंत्र लवकर झिजते. जाणकारांचा साधा नियम असा की चक्कीचे पाते शंभरेक मीटरच्या टापूतल्या सर्वांत उंच वस्तूपेक्षा किमान नऊ-दहा मीटर वर असावे. वीस मीटरच्या सागाच्या रानात याचा अर्थ तीस मीटरचा मनोरा होतो. मग चक्कीपेक्षा मनोराच महाग पडतो.

महाराष्ट्राला वारा नाही असे नाही. १९८६ साली देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले तेव्हा त्यांत आपली रत्नागिरीही होती. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या वरच्या वनकुसवडे पठारावर आणि धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला मोठ्या चक्क्यांची रांग दिसते. सह्याद्रीच्या कड्यावर, उघड्या पठारावर किंवा समुद्रकाठी ज्याचे घर आहे त्याने छोट्या चक्कीचा जरूर विचार करावा. पावसाळ्यात सूर्य झाकला जातो तेव्हाच तिथे वारा जोर धरतो, म्हणून सौर पाटी आणि चक्की ही जोडी तिथे शोभते. चंद्रपूर-गडचिरोलीचे सखल, झाडीचे रान मात्र वाऱ्याचा मुलूख नव्हे. सीस्तानच्या कारागिराला इथे आणले असते तर त्याने चक्की उभारली नसती. तो वर पाहत म्हणाला असता, तुमच्याकडे तर ऊन आहे.

मुलखाला शोभणारी यंत्रे

ऊन तर इथे भरपूर. एक किलोवॅट क्षमतेच्या सौर पाट्या विदर्भात वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतात. जुलै-ऑगस्टमध्ये ती बरीच घटते, म्हणून हिशेब उन्हाळ्यावर न करता पावसाळ्यावर करायचा असतो. एका आदिवासी कुटुंबाची किमान गरज किती? पाच वॅटचे तीन बल्ब पाच तास, दोन मोबाइल आणि छोटा डीसी पंखा रात्रभर. एवढ्याला रोज पाव युनिट पुरते. शंभर वॅटची एक पाटी आणि एक चांगली बॅटरी चांगल्या दिवशी हे भागवते. सलग ढगाळ दिवसांत पंखा बंद ठेवून दिवा जपावा लागतो, पण दिवा राहतो.

गडचिरोलीतच याचे एक उत्तम उदाहरण आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने इथल्या वस्त्यांमध्ये सौर दुहेरी पंप योजना राबवली. एकाच कूपनलिकेवर हातपंप तसाच ठेवायचा आणि त्याच्या खाली सौर पाटीवर चालणारा बुडीत पंप सोडायचा. दिवसा ऊन असेपर्यंत पाणी टाकीत चढते आणि नळाला येते. आठवडाभर आभाळ झाकलेले राहिले किंवा पंप बिघडला तर हातपंप आहेच. यात बॅटरी नाही, म्हणून बॅटरी मरण्याची भीतीही नाही. साठवले जाते ते पाणी. ज्याने ही रचना केली त्याने मुलूखही पाहिला होता आणि बिघाडाचा दिवसही.

दुसरी गोष्ट धानाची. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल ते आरमोरी, वडसा हा सगळा भाताचा पट्टा. राइस मिलपाशी कोंड्याचे ढीग असतात. बिहारमध्ये २००७ साली तमकुहा गावात हस्क पॉवर या संस्थेने भाताच्या तुसापासून वायू करून त्यावर जनित्र चालवले आणि गावाला वीज दिली. उजेड पडला, पण वायूतले डांबर रोज साफ करावे लागे, यंत्राला सतत माणूस लागे. पुढे ती संस्था सौर पाट्या आणि तुसाचे जनित्र अशा जोडीकडे वळली. आपल्या भागात राइस मिलजवळच्या गावांना हा मार्ग खुला आहे. मात्र तूस फुकट दिसतो म्हणून वीज फुकट पडेल असे समजू नये.

बांगलादेशचा अनुभव

मोठ्या प्रमाणावर हे कोणी केले आहे का? शेजारच्या बांगलादेशाने केले. तिथे ग्रामीण शक्ती ही संस्था १९९६ साली सुरू झाली. २००३ पासून सरकारी मदतीच्या कार्यक्रमातून घरोघरी छोट्या सौर पाट्या हप्त्यांवर दिल्या गेल्या. चाळीस लाखांहून अधिक घरांत, म्हणजे सुमारे दोन कोटी माणसांपर्यंत उजेड गेला. यात सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट हप्त्यांची होती. हप्ता घ्यायला माणूस दर महिन्याला दारात येई आणि त्याच फेरीत तार सैल झाली आहे का, बॅटरीत पाणी आहे का, हे पाही. हप्ता होता म्हणून दुरुस्ती होती. गावातल्या मुलींनाही दुरुस्तीचे शिक्षण दिले गेले.

तिथे चूकही झाली. पुढे सरकारी तारा गावोगावी पोहोचल्या आणि कित्येक पाट्या अडगळीत पडल्या. कारण त्या फक्त दिवा देत होत्या, कमाई देत नव्हत्या. दिवा दुसरीकडून मिळाला की त्यांची गरज संपली.

दिवा पोट भरत नाही

इथे गरिबीचा मूळ प्रश्न येतो. उजेडाने सोय होते, गरिबी हटत नाही. वीज दिवसा काही पिकवू लागली तरच घरात पैसा येतो. एक अश्वशक्तीची पिठाची चक्की ७४६ वॅटवर चालते. दीड-दोन किलोवॅटच्या पाट्यांवर ती भर दुपारी सुखाने फिरते आणि बाईची पायपीट वाचते. मोटार जोडलेल्या शिलाई मशिनीला तर शंभर वॅटच्या आसपास पुरतात. मोहाच्या बियांचे तेल काढणे, डाळ भरडणे, बांबू चिरणे, ही सगळी रानातल्याच मालाची कामे आहेत. आज हा माल कच्चा बाहेर जातो आणि फायदा शहरात होतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकलेल्या हाताला गावात परतल्यावर यंत्र चालवायला वीज हवीच.

ही वीज कोणाच्या मालकीची असावी, याचे उत्तरही इथल्या मातीत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला आणि त्या गावानेही बांबू विकून ग्रामसभेच्या खात्यात पैसा आणला. जी ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवू शकते ती चार बॅटऱ्यांचा हिशेबही ठेवू शकते. महिन्याला घरामागे ठरावीक रक्कम, खाते ग्रामसभेचे, चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलण्याचा पैसा आधीच तयार. बाहेरच्या दात्याच्या आठवणीवर ते काम सोडायचे नाही.

मग फडके मारायला कोण?

आता मामूंनी सांगितलेला दुसरा दोष. यंत्र होते, ऊन होते, माणूस नव्हता.

राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया गावी १९७२ पासून बेअरफूट कॉलेज काम करते. तिथे लिहिता-वाचता न येणाऱ्या ग्रामीण स्त्रियांना, कित्येकदा आजी झालेल्यांना, सौर यंत्रे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवतात. आफ्रिकेतूनही बायका येऊन शिकून जातात. भाषा एक नसते, म्हणून तारा रंगांवरून आणि हातवाऱ्यांनी शिकवतात. तरुण मुलगा शिकला की शहरात नोकरी शोधतो, आजी गावातच राहते, हा त्यामागचा साधा हिशेब. गडचिरोलीतल्या माडिया बाईला हे काम येणार नाही असे कोण म्हणेल?

आणि इथेच आपल्या घरांचाही संबंध येतो. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा, अहेरीच्या बाजारात फिरून पाहा. मोटार वायंडिंग, बॅटरी, रेडिएटर, वेल्डिंग, घड्याळ आणि मोबाइल दुरुस्ती, या दुकानांत आपली किती मुले बसलेली आहेत! तांब्याची तार हाताने गुंडाळण्याचे जे काम ह्यू पिगॉट शिबिरात शिकवतात, ते आपल्याकडे बापाकडून मुलाकडे येते. या हुनराला थोडे नवे शिक्षण जोडले तर रानातल्या शेकडो यंत्रांना डॉक्टर मिळेल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमनचे अभ्यासक्रम आहेत. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१५ पासून सूर्यमित्र प्रशिक्षण सुरू केले. मुलगा दहावीनंतर काय करेल या काळजीत असलेल्या अम्मी-अब्बांनी याकडे पाहावे. मुलीसाठीही पाहावे. पाटी साफ करणे, जोडणी तपासणे, कंट्रोलर बदलणे यात तिला न जमणारे काहीच नाही.

रमजानमध्ये आणि एरवीही आपण सदका देतो. पाण्याची सोय करणे हा तर सदका-ए-जारिया, माणूस गेल्यावरही चालू राहणारे पुण्य. पण पंप बंद पडला तर ते चालू कसे राहील? म्हणून गावासाठी, मदरशासाठी किंवा शाळेसाठी सौर दिवे अथवा पंप देताना पैसे काढण्याआधी एवढे विचारून घ्यावे:

१. वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात, म्हणजे भर पावसाळ्यात, हे यंत्र किती काम देईल?

२. जागेवर दुपारभर सावली पडते का? पवनचक्की असेल तर आसपासच्या झाडांची उंची किती आणि वारा वर्षभर मोजला आहे का?

३. बॅटरी किती वर्षे टिकेल आणि ती बदलण्याचा पैसा कोणाच्या खात्यात जमा होणार?

४. बिघाड झाल्यावर एका दिवसात पोहोचेल असा दुरुस्तीवाला कोण? त्याला शिकवले आहे का?

५. दिव्याखेरीज या विजेवर गावाची काही कमाई होईल का?

दहा दिवे देण्याइतके पैसे असतील तर सहाच द्यावेत आणि उरलेल्या पैशातून पाच वर्षांची देखभाल व एका मुलाचे प्रशिक्षण करावे. फोटोत दिवे कमी दिसतील, पण पाचव्या वर्षी ते जळत असतील.

त्या वसतिगृहाची गोष्ट तिथेच संपली नाही. मामूंनी चक्की खाली उतरवली. तिचा खांब मुलांनी झेंडावंदनासाठी ठेवून घेतला. दोन्ही पाट्या धुतल्या, तारा नव्या टाकल्या, बॅटऱ्या बदलल्या. मग त्यांनी आठवी-नववीच्या चार मुलांना छतावर बोलावले, फडके आणि बादली हातात दिली आणि पाटी कशी पुसायची, बॅटरीत पाणी कुठल्या खुणेपर्यंत घालायचे, ते दोनदा करून दाखवले. तिसऱ्यांदा मुलांकडून करून घेतले. अधीक्षकांनी मजुरी विचारली तेव्हा मामूंनी बॅटऱ्यांचे पैसे घेतले, बाकी घेतले नाहीत.

"दर शुक्रवारी पुसा," ते मुलांना म्हणाले. "विसरू नये म्हणून वार सांगितला."

पुढच्या पावसाळ्यात अधीक्षकांचा निरोप आला. रस्ता चार दिवस बंद होता, गावात वीज नव्हती, पण मुलांच्या खोलीत दिवे होते.